सुलभा नोकरीला लागते तो भाग

वीस मिनिटांचा भाग आक्का दोन तास सांगत. तो भाग त्यांनी आदल्या दिवशी संध्याकाळी एकदाच पाहिलेला असे, तोही भाकऱ्या थापता थापता. तरी दुसऱ्या दिवशी दुपारी अडीच वाजता दहिवलीच्या आपल्या पडवीत बसून त्या सांगायला लागल्या की साड्यांचे काठ, चहाच्या कपाचा तुटका कान, ‘हो’ म्हणण्याआधी सासूने घेतलेला श्वास, सगळं त्यात येई. जाहिरातीसुद्धा येत. आक्का पाणी प्यायला मध्येच उठत आणि आत जाताना बजावत, “जाहिरात हाय. बसा.” आम्ही बसून राहत असू. कथा त्यांनी अशा जागी थांबवलेली असे की उठवतच नसे.

हे सगळं चालायचं वाल सोलताना. आक्कांचा बिरड्याचा उद्योग होता. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि पिशव्या भरायच्या. संध्याकाळी टेंपो येऊन माल घेऊन जाई. वाल सोलताना हात असे बुळबुळीत होतात की डोळ्यांत पाणी आलं तरी पदर धरता येत नाही. मनगटाने पुसावं लागतं. आक्कांच्या पडवीत आम्हा सगळ्यांची मनगटं ओली असत.

मी तिथे कशी पोहोचले ते सांगते. माझं माहेर खालापूर बाजूचं, डोंगराच्या पायथ्याशी. लग्न होऊन दहिवलीला आले तेव्हा सासरी टीव्ही होता, पण झाकलेला. धाकट्या दिरांची बारावी होईपर्यंत टीव्ही लावायचा नाही असं सासऱ्यांनी जाहीर केलं होतं, आणि दिरांची बारावी चार वर्षं चालली. केबल कापलेली, टीव्हीवर क्रोशाचं कव्हर आणि कव्हरावर गणपतीची मूर्ती. ती मूर्ती हलवायची हिंमत माझ्या नवऱ्यालाही नव्हती, मी तर नवी सून. तेव्हा त्या चार वर्षांतल्या सगळ्या मालिका मी कानांनी पाहिल्या. एकाही नटीचं तोंड मला माहीत नव्हतं, पण कोण कोणत्या कुशीवर झोपते ते मी सांगू शकले असते.

आक्का आमच्यापासून दोन घरं सोडून राहत. वय साठीच्या आसपास, बांधा काटक, आवाज मात्र आडव्या अंगाच्या बाईचा. यजमान भिवपुरीच्या पॉवरहाऊसवर नोकरीला होते. तिथल्या क्वार्टर्समध्ये तीस वर्षं काढून दोघं दहिवलीला घर बांधून राहायला आली, आणि वर्षभरात यजमान गेले. त्यामुळे वीज ही आक्कांना घरची वस्तू वाटे. भारनियमनात दिवे गेले की त्या अंगणात येऊन मोठ्याने विचारत, “आमच्या मालकांनी केलेली लाईट, कोनी नेली रं?” आणि ऐन मालिकेच्या वेळी गेले तर मग वीज मंडळाच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार होई.

सोलायला आम्ही आक्का धरून सहा जणी. त्यांतल्या दोघींची नावं ध्यानात ठेवलीत तरी पुरे. नलूवहिनी आक्कांच्या शेजारी बसत आणि हुंकार देत. शेवंताकाकू समोर बसत आणि शंका काढत. शंका काढल्याशिवाय त्यांच्या हातून वालाचा दाणा सुटत नसे. गंमत अशी की माझ्याखेरीज सगळ्यांच्या घरी टीव्ही चालू होता. भाग त्यांनीही पाहिलेला असे. “मग परत ऐकायला कशाला येता?” असं मी एकदा विचारलं, तर शेवंताकाकू म्हणाल्या, “टीव्हीत काय कळतंय? तिकडं पोरं वरडतात, इकडं भाकर करपते. हितं नीट कळतं.”

आता क्रमशासाहेबांबद्दल. मालिका कोण करतं याचा शोध आक्कांनी स्वतःच्या अकलेने लावला होता. क्वार्टर्समधल्या बायकांबरोबर बसून त्या मोठेपणी वाचायला शिकल्या होत्या. अक्षर अन् अक्षर लावून वाचत, त्यामुळे भाग संपल्यावर जी नावं सरसर वर जातात त्यांतलं एकही त्यांच्या हाती लागत नसे. एकच नाव शेवटी पडद्यावर थांबे. ते त्यांनी वाचलं: क्रमशः. “बाकीची समदी पळतात,” आक्का आम्हाला समजावत, “ह्यो एकटाच थांबतो. म्हंजे मालक ह्योच.” मी बारावी शिकलेली, टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेली. एकदा धीर करून म्हणाले, “आक्का, क्रमशः म्हणजे नाव नाही हो. पुढे चालू, असा अर्थ आहे.” आक्कांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. “मंग? नावाला अर्थ असतोच. तुज्या नाय का?” त्यानंतर मी तो विषय काढला नाही, आणि थोड्याच दिवसांत मीही ‘क्रमशासाहेब’ म्हणायला लागले.

पण आक्का काही सगळ्याच मालिका क्रमशासाहेबांच्या नावावर घालत नसत. त्यांचा हात त्या ओळखत. नवीन मालिका सुरू झाली की दोन-तीन दिवस पाहून निकाल देत: “ही आपल्या क्रमशाची” किंवा “ही दुसऱ्याच क्रमशाची, हिच्यात दम नाय.” खूण विचारली तर सांगत, “आपल्यावाल्याकडं मानूस खरं बोलायला लागला की आत कुकर शिट्टी देतो. दुसऱ्याकडं नुसतं वाजवतात, ढॅण ढॅण.” आणि ती शिट्टी आक्का ओठांनी अशी देत की पलीकडच्या घरातली सून गॅस बारीक करायला पळे. आम्ही पोट धरधरून हसत असू. ती चार वर्षं मी जितकी हसले तितकी त्याआधी कधी हसले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन.

या क्रमशासाहेबांची एक मालिका सुलभाची होती. सुलभा पुण्यातल्या मोठ्या घरात दिलेली, शिकलेली, हुशार आणि गप्प. सासरे झोपाळ्यावर बसून घर चालवत. सुलभाने लग्नाआधी कुठेतरी अर्ज केलेला असतो आणि एक दिवस तिला नोकरीचं पत्र येतं. आता जाते की नाही, यावर अख्खा आठवडा गेला. आक्का रोज तिला दारापर्यंत आणत आणि रोज परत चुलीशी नेत.

त्याच आठवड्यात मलाही पत्र आलं. खालापूरच्या एका शाळेत कारकुनाची जागा होती. माहेरी असताना मी अर्ज केला होता, मध्ये तीन-साडेतीन वर्षं काही झालं नाही, आणि आता अचानक बोलावणं. आठ दिवसांत हजर व्हा. घरी सांगितलं तर सासरे वर्तमानपत्राला म्हणाले, “चौकला गाडी बदलायची, मग खालापूर. घराकडं कोन बघनार?” वर्तमानपत्राने उत्तर दिलं नाही. नवरा म्हणाला, “बघू.” आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. मी पत्राची घडी करून वालाच्या पिशवीत टाकली आणि मनाशी एक ठरवलं. आज सांगताना हसू येतं, पण तेव्हा ते मरणाचं खरं होतं: सुलभा गेली तर मी जाईन, ती राहिली तर मी राहीन आणि पुन्हा नाव काढणार नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीचा निर्णय घ्यायला माझ्याजवळ दुसरं कुणी नव्हतंच.

पडवीत मी कुणाला काही बोलले नाही. फक्त त्या दिवशीचं सांगणं संपल्यावर विचारलं, “आक्का, जाईल का हो ती?”

आक्कांनी हात थांबवले. “वनी, आवाज का कापतोय गं तुजा?”

“वालाचं पाणी गार झालंय.”

“गरम घालू,” आक्का म्हणाल्या. “आन सुलभाचं बगू. सात वाजता काय करतोय तो.”

दुसऱ्या दिवशी मी पोहोचले तेव्हा सगळ्या आधीच येऊन बसल्या होत्या. एरवी मी पहिली असे. आक्कांनी पाणी नाही, जाहिरात नाही, थेट सुरुवात केली. सुलभा पहाटे उठली. सगळ्या घराचा भात रांधला, वर आमटी. अबोली रंगाची साडी नेसली, तिला बारीक हिरवा काठ. डबा भरला. ओटा पुसला. चपला हातात घेऊन बाहेर आली आणि झोपाळ्यासमोरच पायात घातल्या.

“सासरा बोलला, ‘कुटं?’” आक्का सांगत होत्या. “ती बोलली, ‘कामाला.’ बस. एवडंच बोलली आन निगाली.”

“रडली?” शेवंताकाकूंनी विचारलं.

“नाय.”

“मागं वळून बगितलं?”

“येळ कुटाय? समोर चौकची एसटी उभी व्हती.”

पुण्यातल्या सुलभाला दारात आमच्या इकडच्या चौक गावाची एसटी कशी मिळाली, हा प्रश्न त्या पडवीत एकीलाही पडला नाही. मला पडला नाही, कारण माझं सगळं लक्ष त्या ‘कामाला’वर होतं. शेवंताकाकूंनाही पडला नाही, याचं मात्र मला तेव्हाच आश्चर्य वाटायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भात-आमटी केली, डबा भरला, ओटा पुसला आणि सासऱ्यांच्या समोर चपला घातल्या. अबोली साडी माझ्याकडे नव्हती, निळी होती. सासरे म्हणाले, “कुटं?” मी म्हणाले, “कामाला.” सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “चौकला गर्दी असते. फुडच्या दारानं चढ.” एवढ्यासाठी मी आठ दिवस जीव मुठीत धरून बसले होते! त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्या शाळेत आहे.

नोकरी लागल्यावर आक्कांकडे जाणं फक्त रविवारी होई. आक्का सुलभाचा अख्खा आठवडा रविवारसाठी राखून ठेवत. आणि काय एकेक भाग असत! सुलभाचं हापीस, तिथली न लागणारी खिडकी, मस्टरवर सही करताना डोकावणारा शिपाई. मी सांगत असे, “अगदी आमच्यासारखं आहे हो,” आणि आक्का म्हणत, “हापिसं समदी सारकीच.” एकदा मी रडकुंडीला येऊन सांगितलं की आमचे साहेब मला पाहुण्यांसाठी चहा करायला लावतात. पुढच्या रविवारी सुलभाच्या साहेबांनीही तिला तेच सांगितलं. सुलभा म्हणाली, “साहेब, मी पत्र लिवायला आलेय. सांगा, कुनाला लिवू?” सोमवारी मी हेच वाक्य शुद्ध करून आणि आवाज जरा खाली ठेवून साहेबांना ऐकवलं. ते हसले. चहा त्यानंतर शिपाई करायला लागला.

सुलभा दफ्तर लावायला शिकली, मग मीही शिकले. सुलभाने सुट्टीचा अर्ज लेखी दिला, मग मीही दिला. माझ्या पुढे ती नेहमी एक आठवडा असे. तिच्यावाचून माझं पानही हलत नव्हतं म्हणा ना.

नोकरीला सात महिने झाले तेव्हा दिरांनी एकदाची बारावी सोडवली. पेढे वाटले, गणपती कपाटात गेला, कव्हर निघालं, केबलवाला आला. मी नाचत आक्कांकडे गेले. “आक्का, टीव्ही सुरू झाला! आता मीही सुलभाला बघणार!”

नलूवहिनींनी हुंकारसुद्धा दिला नाही. आक्का म्हणाल्या, “नको बगू.”

“का?”

“त्या क्रमशाला काढला. आता दुसराच कोनतरी करतोय. समदी घाण केली त्यानं. तू बगू नको, तुला माजी आन हाय.”

आक्कांची शपथ मी मोडणं शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सात वाजता टीव्ही सासऱ्यांच्या बातम्यांच्या ताब्यात असे. सुलभा माझ्यापुरती तिथे थांबली, दफ्तराच्या कपाटापाशी. पुढे मुलगी झाली, शाळेत काम वाढलं, मालिकांची गोडी राहिली ती आक्कांच्या तोंडून ऐकण्यापुरती. आक्का दोन वर्षांपूर्वी गेल्या. सकाळी वाल भिजत घातले आणि दुपारी गेल्या. त्या वालांना मोड आले तेव्हा नलूवहिनींनी आम्हा सगळ्यांना बोलावून ते सोलून घेतले. दोन तास कुणाच्या तोंडून शब्द नाही. इतकी शांत पडवी मी कधी पाहिली नव्हती.

गेल्या वर्षी माझी अकरावीतली मुक्ता म्हणाली, “आई, जुन्या मालिका सगळ्या नेटवर टाकल्यात. तुला कुणाच्या बघायच्यात?”

“क्रमशासाहेबांच्या,” माझ्या तोंडून निघून गेलं.

मुक्ता हसता हसता खालीच बसली. पण पोरगी कामाची. सुलभा, पुणे, झोपाळा, नोकरीचं पत्र, एवढ्या सामानावर तिने दहा मिनिटांत मालिका शोधून काढली. पहिल्या भागाच्या शेवटी नावं पळायला लागली आणि तिने बोटाने पडदा थांबवला. पळणारी नावं उभी राहिली! सर्वांत शेवटी, एकट्या ओळीत, ज्यांनी ती मालिका लिहिली आणि केली त्यांचं नाव. ते नाव मी इथे देत नाही, आक्कांनी ठेवलेलं नाव मला पुरेसं आहे. त्या नावावरून मुक्ताने त्यांच्या सगळ्या मालिकांची यादी काढली. एकूण सहा. आक्कांनी ज्यांना ‘आपल्या क्रमशाची’ म्हटलं होतं त्या सहाच्या सहा! एकही इकडची तिकडे नाही. मी मुक्ताचे खांदे धरून तिला हलवलं. “बघितलंस? बघितलंस? नाव वाचता येत नव्हतं त्या बाईला, आणि हात ओळखला!”

त्या दिवसापासून मला वेड लागलं. चौकपर्यंतच्या एसटीत एक भाग, चौकहून खालापूरला दुसरा, मधल्या सुट्टीत तिसरा, येताना आणखी दोन. सुलभा मी उंच, सावळी, ढांगा टाकत चालणारी अशी मनात पाहिली होती. ती निघाली ठेंगणी आणि गोरी. झोपाळा माझ्या झोपाळ्याच्या निम्मा. दोन दिवस मला हे लोक खोटे वाटत राहिले. मग एका भागात सासू सुलभाशी पहिल्यांदा मनातलं बोलायला तोंड उघडते आणि आत कुकरची शिट्टी होते. तोच सूर! अगदी आक्कांच्या ओठांतला! मी एसटीत इतक्या मोठ्याने ओरडले की कंडक्टरने बेल मारली.

कारकुनाचा पिंड, त्यामुळे मी एक रजिस्टर घातलं. रकाने चार: भाग क्रमांक, आक्कांनी सांगितलं ते, प्रत्यक्ष, शेरा. उदाहरणादाखल एकतिसावा भाग. आक्का: सासू रडली. प्रत्यक्ष: सासू रडली नाही, नुसती पाठमोरी झाली. शेरा: आक्कांचं बरोबर. ही बाई पाठमोरी होऊन रडतच होती, आणि मालिका करणाऱ्याला ते ठाऊक होतं म्हणूनच त्याने तिला वळवलं, हे मला आक्कांमुळे कळलं. एखाद्याचं काम इतक्या जवळून बघण्यात केवढा आनंद असतो! त्यांच्या मालिकांत पत्र कुणी मोठ्याने वाचत नाही. खोटं बोलणारा माणूस कपड्यांच्या घड्या घालत असतो. म्हातारी माणसं एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत. सहा मालिका, शेकडो भाग, आणि सगळीकडे तोच एक माणूस लपलेला. मी त्याला पकडत सुटले होते.

आणि एकशे बाराव्या भागात सुलभाला पत्र आलं.

मी दम धरून पुढचा भाग लावला, मग त्याच्या पुढचा. सुलभा दारापर्यंत गेली, आत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. एकशे अठराव्या भागात तिने पत्राची घडी केली, साड्यांच्या पेटीत तळाशी ठेवली आणि पेटीला कुलूप घातलं. मी म्हटलं, काढेल. उद्या काढेल. एकशे एकोणीस, एकशे वीस, दीडशे. सुलभाला मूल झालं. दोनशे. सासरे आजारी पडले, सुलभाने सेवा केली. तीनशे चाळीसला मालिका संपली. ‘कामाला’ हा शब्द कुठेही नव्हता.

मला वाटलं, आक्कांनी दुसऱ्या एखाद्या मालिकेतला भाग हिच्यात घातला असेल. इतक्या मालिका डोक्यात, होतं असं. मी उरलेल्या पाच मालिका तो एक भाग शोधत पाहिल्या. अबोली साडी सापडेल, चपला सापडतील, निदान ती एसटी. शेवटची मालिका संपली तेव्हा मला या माणसाची आणखी एक खूण कळली होती, ती मी रजिस्टरात लिहिली. त्याच्या बायका उंबऱ्यापर्यंत येतात. सहाही मालिकांत एकही तो ओलांडत नाही. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच्या मागोमाग मी घाबरले. कुणाचं पाहून मी घराबाहेर पडले होते? माझी सगळी नोकरी, माझं स्वतःचं म्हणून जे काही आहे ते सगळं, त्या एका भागावर उभं होतं, आणि तो भाग नव्हताच.

पुढच्या रविवारी दुपारी मी रजिस्टर घेऊन नलूवहिनींकडे गेले. शेवंताकाकू आता मुलाकडे असतात, दहिवलीत त्या दिवसांतल्या नलूवहिनीच उरल्यात. घरापुरते वाल सोलत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या सोलत राहिल्या.

“वहिनी, सुलभा नोकरीला लागते तो भाग कुठे आहे?”

“तो भाग?” नलूवहिनी हसल्या. “अगं, तो आमी केलेला.”

“केलेला म्हणजे?”

“आमी सगळ्यांनी बगितला व्हता टीव्हीवर. तिनं कागद पेटीत घातला, कुलूप लावलं. शेवंता तर रडली. दुसऱ्या दिशी आक्कांनी आमाला लवकर बोलावलं. बोलल्या, ‘ती वनी आता येल. तिच्या पिशवीत तसाच कागद हाय, काल मी बगितला. कुनी तोंड उघडायचं नाय. सुलभा गेली.’ शेवंता बोलली, ‘पन गेली कशी?’ तर बोलल्या, ‘ते मी बगते. तू नुसतं इचार, रडली का, मागं बगितलं का. तुला शंका नाय आली तर ती वळकंल.’”

“आणि नंतरचं? हापीस, चहा, दफ्तर?”

“ते शनवारी ठरायचं. तू रविवारी येनार, म्हनून शनवारी आमी बसायचो. तू काय काय बोलून गेलीस त्याच्यावरनं पुढचं जुळवायचो. शेवंताला तिला कलेक्टर करायची हौस. आक्का बोलल्या, ‘नको. कारकूनच ऱ्हाऊ दे. वनीला खरं वाटाया हवं.’ मी बोलले, सासऱ्याला मारूया, सुटंल ती. तर माज्यावर वरडल्या. ‘मारायचं नाय कुनाला. मारलं की कळतं, गोष्ट हाय म्हनून.’ हापिसात कसं असतं ते आमाला काय ठाव? आक्का एक दिवस खालापूरला जाऊन कचेरीच्या बाकड्यावर दिवसभर बसून आल्या. उत्पन्नाचा दाखला काढायचाय सांगून.”

सात महिने पाच बायकांनी एक मालिका चालवली होती आणि तिला प्रेक्षक एकच होता. मी जन्मात पहिल्यांदा ज्या कलावंताचं सगळं काम शोधायला निघाले होते, तो मला फोनमध्ये कुठून सापडणार? मी रडले, हसले, नलूवहिनींना मिठी मारली, त्यांच्या हातांचा बुळबुळीतपणा माझ्या पाठीला लागला. मग रजिस्टर उघडलं, कोरं पान काढलं आणि म्हटलं, “पहिल्या शनिवारपासून सांगा. काय ठरलं होतं, काय गाळलं, सगळं. कोण काय म्हणालं तेही.”

नलूवहिनींनी सांगितलं, मी लिहीत गेले. पानं भरली. त्यांना आठवेल तसं त्या मागेपुढे जात होत्या, आणि मध्येच कधीतरी त्यांनी वाल बाजूला ठेवले.

“आमी मंग ती टीव्हीवरची बगायची सोडूनच दिली,” त्या म्हणाल्या. “दोन दोन सुलभा कशा सांबाळायच्या? आक्कांनी बी सोडली. त्या बोलायच्या, ‘तिचं तोंड बगवत नाय.’ पन त्यांच्या मनात ऱ्हायलं व्हतं ते. जायच्या आदल्या वर्षीसुदा बोलल्या, ‘त्या बिचारीचं फुडं काय झालं आसंल गं?’ तू तर समदी बगितलीस. काय झालं शेवटाला तिचं?”

मला माहीत होतं. तीनशे चाळिसाव्या भागात सुलभा पेटी उघडते, पिवळा पडलेला तो कागद काढते आणि फडताळात अंथरून त्यावर डबे लावते.

नलूवहिनी माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

“गेली,” मी म्हणाले. “उशिरा, पण शेवटी गेली ती.”

“गेली?” म्हातारीचा चेहरा उजळला. “मला वाटलंच व्हतं! सांग की मंग. कशी गेली?”

मी तोंड उघडलं. पण तिने साडी कोणती नेसायची, सासऱ्यांना कुठे बसवायचं, ते काय विचारतील, ती काय म्हणेल, काही म्हणजे काही मला सुचेना. नलूवहिनी वाट बघत होत्या आणि मला आक्का हव्या होत्या.